मिंग-छिंग काळातल्या चीनमधले गावचे प्रतिष्ठित आणि सरकारी अंमल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न मिंग (१३६८–१६४४) आणि छिंग (१६४४–१९१२) या दोन राजवटींबद्दल आहेत. चीनमधल्या ‘श्येन’ या घटकाला इथे तालुका आणि त्याच्या प्रमुखाला मामलेदार म्हटलं आहे. मात्र या मामलेदाराच्या हातात महसूल, फौजदारी आणि दिवाणी न्याय, पोलीस, तालुक्याची परीक्षा आणि देवस्थानांचे सरकारी विधी असं सगळंच असायचं, हे लक्षात ठेवावं.

१. ‘शेनशी’ म्हणजे नेमके कोण? मोठे जमीनदार का?

शेनशी म्हणजे सरकारी परीक्षेची पदवी किंवा सरकारी पद असलेली माणसं. त्यात नोकरीवर असलेले, निवृत्त झालेले आणि नोकरी कधीच न मिळालेले, असे सगळे येतात. बहुतेकांकडे थोडीफार जमीन असायची, कारण मुलाला पंधरा-वीस वर्षं नुसतं शिकवायचं तर घरात ऐपत लागतेच. पण जमीन आहे म्हणून कोणी शेनशी होत नसे. शेकडो एकरांचा धनी असलेल्या अपदवीधराला मामलेदारासमोर गुडघे टेकावे लागत, आणि चार मुलांची शिकवणी घेऊन पोट भरणारा पदवीधर उभा राहून बोलत असे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात शेनशींची संख्या सुमारे ११ लाख होती, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. बायकामुलं धरूनही हा वर्ग लोकसंख्येच्या दीड टक्क्यापेक्षा कमी भरतो.

२. पदव्या किती प्रकारच्या? सगळ्यांचं वजन सारखंच का?

मुळीच नाही. सर्वांत खाली शेंगयुआन. तालुका, जिल्हा आणि प्रांताचा शिक्षण आयुक्त अशा तीन चाळण्यांतून पार झाल्यावर ही पदवी मिळायची. तालुक्यागणिक जागा ठरलेल्या असत. सतराव्या शतकात गू यानवू या विद्वानाने तालुक्याला तीनशे धरून देशभरात ५ लाख शेंगयुआन असल्याचा हिशेब मांडला होता. हे लोक गावावर ओझं झाले आहेत, ही पदवीच बंद करा, असं त्याचं म्हणणं होतं.

त्यावर ज्यूरेन. ही प्रांताची परीक्षा दर तीन वर्षांनी शरद ऋतूत व्हायची. नानजिंगच्या परीक्षागृहात शेवटच्या काळात उमेदवारांसाठी वीस हजारांहून अधिक खोपटी होती, एकेका खोपटीत एकेक माणूस. सर्वांत वर जिनशी, म्हणजे राजधानीतली परीक्षा पास झालेले. सबंध छिंग काळात मिळून ते २६ हजारांहून थोडे अधिक निघाले.

ज्यूरेन आणि जिनशी मामलेदाराकडे पाहुणा म्हणून जाऊ शकत. साध्या शेंगयुआनला तो मान नव्हता. तालुक्यात कोणाचं चालत होतं हे पाहताना ही दरी विसरून चालत नाही.

याशिवाय विकत घेतलेली ‘जिएनशेंग’ ही पदवी होती. अठराव्या शतकात सामान्य माणसाला तिची किंमत सुमारे १०८ ल्यांग चांदी पडायची (एक ल्यांग म्हणजे साधारण ३७ ग्रॅम). तिच्यामुळे फटक्यांपासून संरक्षण मिळे, पण गावातले परीक्षा पास झालेले लोक अशा माणसाला आपल्यातला मानतीलच असं नव्हतं.

३. पदवी मिळाली की रोजच्या जगण्यात काय फरक पडायचा?

पहिला फरक अंगावर दिसायचा. शेंगयुआनचा पोशाख म्हणजे काळ्या काठाचा निळा झगा आणि टोपीच्या टोकावर चांदीचा छोटा पक्षी. ज्यूरेनचा पक्षी सोन्याचा. बाजारात तो पक्षी लांबून दिसला की शिपाई वाट सोडत.

दुसरा फरक शरीराला होणाऱ्या शिक्षेचा. कचेरीत बांबूचे फटके ही रोजची गोष्ट होती. शेंगयुआनला मामलेदार परस्पर फटके मारू शकत नसे. किरकोळ गुन्हा असेल तर तालुक्याच्या शाळेतला शिक्षणाधिकारी शाळेच्या सभागृहात शिक्षा करी. गुन्हा मोठा असेल तर आधी शिक्षण आयुक्ताला लिहून पदवी काढून घ्यावी लागे, मग फटके.

तिसरा फरक वेठ-कराचा. मिंग काळात शेंगयुआनबरोबर घरातल्या आणखी दोन पुरुषांना माफी होती. छिंग सरकारने १६५७ मध्ये ती फक्त पदवीधराच्या स्वतःपुरती ठेवली. जमिनीचा सारा मात्र सगळ्यांना लागू होता. ‘शेनशींना कर नव्हता’ असं सरसकट म्हणतात, ते चूक आहे. ते कर कसे टाळत, हे प्रश्न ८ मध्ये आहे.

या सवलतींबरोबर बंधनंही येत. शेंगयुआनना तीन वर्षांत दोनदा फेरपरीक्षा द्यावी लागे, आणि सलग वाईट निकाल लागला तर दर्जा घसरे. १६५२ मध्ये प्रत्येक सरकारी शाळेत नियमांची एक आडवी शिळा बसवली गेली. मंडळं काढू नका, दुसऱ्यांच्या खटल्यांत पडू नका, सरकारी कारभारावर लिहू नका, असं त्यावर कोरलेलं होतं. खटला भरायचाच असेल तर पदवीधराने स्वतः न येता नोकर किंवा नातेवाईक पुढे करायचा, असाही नियम होता. कचेरीच्या दारात पदवीधरांची वर्दळ नको, हा त्यामागचा हेतू.

४. लाखो लोकांवर एकटा मामलेदार राज्य कसा करायचा?

छिंग काळात सुमारे १,३०० तालुके होते आणि १८०० च्या सुमारास लोकसंख्या ३० कोटींच्या वर गेली होती. म्हणजे एका मामलेदाराकडे सरासरी दोन लाखांहून अधिक माणसं. शिवाय त्याला स्वतःच्या प्रांतात नेमत नसत, आणि शेजारच्या प्रांतातही घरापासून पाचशे ली (अंदाजे २५० किलोमीटर) अंतराच्या आत नेमणूक चालत नसे. त्यामुळे अनेकदा त्याला तिथली बोलीसुद्धा कळत नसे. मुदत कागदावर तीन वर्षं असली तरी बरेचजण त्याआधीच हलत.

कचेरीत तीन थर होते. कारकून स्थानिक, सहा खात्यांत वाटलेले. शिपाईही स्थानिक. आणि मामलेदाराने स्वतःच्या खिशातून पगार देऊन आणलेले खासगी सल्लागार, एक कायद्याचा आणि एक हिशेबाचा तरी हवाच. या सल्लागारांसाठी झेजियांग प्रांतातलं शाओशिंग गाव प्रसिद्ध होतं.

मामलेदार तीन वर्षांत जाणार आणि कारकून आयुष्यभर तिथेच राहणार, ही खरी अडचण होती. कारकुनाला पाच वर्षांची मर्यादा होती, पण नाव बदलून तोच माणूस पुन्हा त्याच टेबलावर बसे. जमिनीची खरी नोंद, कोणाचं शेत कोणाच्या नावावर आहे, हे कारकुनाच्या घरच्या वहीत असे. नव्या मामलेदाराला ती वही हवी असेल तर कारकुनाशी जमवून घ्यावं लागे. दुसरा मार्ग एकच होता, गावच्या शेनशींना विचारणं. सल्लागार म्हणून तीसेक वर्षं काढून पुढे हुनानमध्ये मामलेदार झालेल्या वांग हुइझू (१७३१–१८०७) याने नव्या अधिकाऱ्यांना हेच सांगितलं होतं: शेनशींना आदराने वागवा, कारण सरकारी आज्ञा लोकांना समजावून सांगणारे तेच आहेत.

५. या सगळ्यांचा पगार कुठून निघायचा?

मामलेदाराचा मूळ पगार वर्षाला ४५ ल्यांग. एका चांगल्या सल्लागाराला त्याच्या कित्येक पट द्यावे लागत. शिपायाला वर्षाचे सुमारे ६ ल्यांग, आणि कारकुनांचा पगार तर १६६२ मध्ये बंदच झाला. उरलेला पैसा लोकांकडून येई. समन्स घेऊन आलेला शिपाई जोड्याचे पैसे मागे, मग जेवणाचे, मग बेडी सैल करण्याचे.

करवसुलीतही हेच. लोक चांदीचे लहान तुकडे आणत, ते वितळवून मोठी लगड करताना थोडी घट येते, म्हणून ‘घटीची भर’ घेतली जाई. खरी घट शेकडा एक-दोन, वसुली मात्र वीस-तीसपर्यंत. योंगझेंग सम्राटाने १७२४ पासून ही भर अधिकृत केली, बहुतेक प्रांतांत ती शेकडा दहा ते वीसच्या आसपास बांधून दिली, पैसा प्रांताच्या खजिन्यात घेतला आणि त्यातून मामलेदारांना शेकडो ल्यांगांचा ‘सचोटी भत्ता’ सुरू केला. सुधारणा अस्सल होती. पण दर बांधलेला राहिला आणि महागाई वाढत गेली. पन्नासेक वर्षांत भत्ता अपुरा पडला आणि नवी बेकायदा भर जुन्याच्या डोक्यावर बसली.

६. लीजिया आणि बाओजिया यांत फरक काय? दोन्ही एकच वाटतात.

लीजिया मिंगची, १३८१ मधली, मुख्यतः कर आणि वेठीसाठी. ११० घरांचा एक गट. त्यातली सर्वांत सधन दहा घरं पुढारी, उरलेल्या शंभर घरांचे दहा भाग. दरवर्षी एक पुढारी आणि एक भाग पाळीवर, म्हणजे प्रत्येकाची पाळी दहा वर्षांनी.

बाओजिया छिंग काळात देशभर लागू झाली, ती एकमेकांवर नजर ठेवण्यासाठी. दहा घरांचा एक फलक-गट, दहा गटांची एक जिया, दहा जियांचा एक बाओ, म्हणजे हजार घरं. दारावर कागदी फलक: घरात कोण, वय किती, धंदा काय. कोणी परगावी गेलं किंवा पाहुणा आला तर नोंद. महिनाअखेर प्रमुखाने ‘माझ्या हद्दीत चोर-दरोडेखोर नाहीत’ असा जामीन लिहून द्यायचा.

लीजिया मोडली, कारण दहा वर्षांत शेतं विकली जात, घरं फुटत, पण वहीत तेच नाव राहत असे. पुढे १५८१ च्या सुमारास वेठ आणि इतर देणी एकत्र करून चांदीत घेण्याची पद्धत देशभर गेली, तेव्हा पाळीची गरजच कमी झाली.

७. मग बाओजिया तरी चालली का?

कागदावर उत्तम, गावात अर्धवट. तिचा प्रमुख मुद्दाम पदवी नसलेला माणूस असे. शेनशींच्या हाती आधीच बरंच होतं, त्यात पोलीसगिरी नको, हा हिशेब. शेनशी घरांनीही फलक लावावा, असा नियम होता. पण एखादा साधा शेतकरी ज्यूरेनच्या वाड्यावर जाऊन ‘रात्री मुक्कामाला कोण होतं’ असं विचारील का? तो विचारत नसे. गावातली सगळ्यांत वजनदार घरं अशा रीतीने जाळ्याबाहेर राहत. प्रमुखाचं काम चोर पकडण्यापेक्षा कचेरीत हेलपाटे मारण्याचं झालं आणि ऐपतदार लोक ते टाळू लागले.

एका बाबतीत मात्र तिचा उपयोग झाला. १७४१ पासून लोकसंख्येचे आकडे याच यंत्रणेतून वर जाऊ लागले, आणि १७७५ मध्ये सम्राटाने खोट्या आकड्यांबद्दल प्रांतांना फैलावर घेतल्यावर ते बरेच सुधारले.

८. शेनशी कर नेमका कसा टाळत?

तीन मुख्य रीती.

पहिली, जमीन नावावर घेणं. मिंग काळात छोटा शेतकरी आपलं शेत पदवीधराच्या नावावर करून देई. त्यामुळे त्याची वेठ चुके आणि पदवीधराला वाटा मिळे. गावात सवलतीची जमीन वाढली की उरलेल्यांवर बोजा वाढे, आणि मग तेही हाच रस्ता धरत.

दुसरी, मध्यस्थी. छिंग सरकारने नियम केला की करदात्याने चांदी स्वतः पाकिटात सीलबंद करून कचेरीपुढच्या लाकडी पेटीत टाकावी, म्हणजे मध्ये कोणाचा हात लागणार नाही. कल्पना चांगली होती. पण डोंगरातल्या माणसाला दोन दिवसांची वाट, रात्रीचा मुक्काम, आणि तिथे गेल्यावर कारकून म्हणणार की चांदी हिणकस आहे, वजन कमी भरतंय. दोन-तीन मासे चांदीसाठी हा खर्च परवडत नसे. शेजारचा शेंगयुआन म्हणे, माझ्याकडे द्या, मी भरतो. तो गावभराची चांदी एकत्र नेई. त्याच्या पाकिटाला नावं ठेवायला कारकून धजावत नसे. तो कमी भर देई, फरक स्वतः ठेवी, कधी सगळंच थकवी. हे बेकायदा होतं. तरीही शेतकऱ्याला अनेकदा कचेरीपेक्षा हाच मार्ग स्वस्त पडे, म्हणूनच तो संपला नाही.

तिसरी, दोन दर. एकोणिसाव्या शतकात ज्यांगनानमध्ये, म्हणजे यांगत्झीच्या दक्षिणेकडच्या श्रीमंत भागात, ‘मोठी घरं’ आणि ‘छोटी घरं’ अशी विभागणी पक्की झाली होती. तेवढ्याच जमिनीवर छोट्या घराला मोठ्याच्या कित्येक पट द्यावं लागे.

९. सरकारने त्यांना कधी चाप लावलाच नाही का?

लावला, आणि कधीकधी फार क्रूरपणे.

१५६९ मध्ये हाय रुई हा कडक अधिकारी ज्यांगनानचा प्रमुख होऊन आला. बळकावलेल्या जमिनी परत करा, हा त्याचा हुकूम निवृत्त पंतप्रधानासारख्या शू जिए यालाही लागू झाला. १५७० मध्ये हाय रुईचीच तिथून उचलबांगडी झाली. एकट्या अधिकाऱ्याची धाव इतकीच होती.

१६६१ चं वर्ष वेगळं. नवी मांचू (म्हणजे छिंग) राजवट, सैन्याचा खर्च, आणि ज्यांगनानच्या थकबाक्या. त्या वर्षी सुझोऊत विद्यार्थी कन्फ्यूशियसच्या मंदिरात जमले आणि सरकारी धान्य विकून पैसे करणाऱ्या मामलेदाराविरुद्ध त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. राज्यपालाने त्याला बंड ठरवलं. अठरा जणांची डोकी उडवली गेली, त्यांत समीक्षक जिन शेंगतान होता. त्याच वर्षी थकबाकीदारांच्या यादीत तेरा हजारांहून अधिक पदवीधरांची नावं आली आणि त्यांच्या पदव्या गेल्या. १६५९ च्या राजधानी परीक्षेत देशात तिसरा आलेला खुनशानचा ये फांगआय याची बाकी होती एका छदामाची. त्याचंही पद गेलं. ‘तिसऱ्या क्रमांकाची किंमत एक दमडीही नाही’ अशी म्हण त्यावरून पडली.

१७२४ मध्ये हेनान प्रांतातल्या फेंगछ्यू इथे बांधबंदिस्तीच्या वेठीत पदवीधरांनाही धरलं, तेव्हा त्यांनी परीक्षेवर बहिष्कार घातला. योंगझेंगने म्होरक्यांना ठार केलं आणि ‘पदवीधर घर’ अशी वेगळी करनोंद त्याच सुमारास रद्द केली.

सरकार चाप लावू शकत होतं, पण रोज नाही. ज्या माणसांच्या पदव्या काढून घ्यायच्या, त्यांच्याशिवाय पुढच्या वर्षी दुष्काळाचं धान्य कोण वाटणार, हा प्रश्न उरायचाच.

१०. म्हणजे आपल्याकडच्या देशमुख-पाटलांसारखेच की!

गावात वजन, सरकार आणि रयतेच्या मध्ये उभं राहणं, भांडणं मिटवणं, हे साम्य खरं आहे. पण वतन वंशपरंपरागत होतं. ते भाऊबंदांत वाटलं जाई, विकताही येई, आणि राजवट बदलली तरी बहुधा टिके. शेनशीची पदवी त्याच्याबरोबर संपे. मुलाला नव्याने परीक्षेला बसावं लागे. जागा ठरलेल्या असल्याने दोन-तीन पिढ्यांत अनेक घराणी खाली येत. दुसरं, पाटलाला त्याच्या कामाचा ठरलेला हक्क मिळे. शेनशीकडे गावचं कोणतंही नेमलेलं काम नसे. त्याचं वजन अनौपचारिक होतं, म्हणून त्याला जबाबदार धरणंही कठीण.

११. पदवी नसलेल्याला गावात काहीच स्थान नव्हतं का?

होतं. उत्तरेकडच्या बऱ्याच गावांत शेनशी राहतच नव्हते, ते तालुक्याच्या गावी राहत. अशा गावांत सधन शेतकरी आणि वडीलधारे कारभार पाहत. दक्षिणेत, विशेषतः ग्वांगडोंग, फुजियान आणि हुइझोऊ भागात, कुळं बलाढ्य होती. पूर्वजांचं देवघर आणि त्याच्या नावावर जमीन असे. तिच्या उत्पन्नातून पूजा होई, मुलांच्या शिक्षणाचा खर्च निघे आणि विधवांना धान्य मिळे. अशा सामाईक दानभूमीचा नमुना सुझोऊच्या फान घराण्याने अकराव्या शतकातच घालून दिला होता. १७२६ मध्ये सरकारने मोठ्या कुळांना अधिकृत कुळप्रमुख नेमायला सांगितलं. पण फुजियान-ग्वांगडोंगमध्ये हीच कुळं पाण्यावरून आणि थडग्यांच्या जागेवरून एकमेकांशी हत्यारांनी लढत, आणि त्याचा खर्च त्याच सामाईक जमिनीतून होई.

१२. ‘सम्राटाची सत्ता तालुक्याखाली उतरत नव्हती’ हे खरं का?

हे वाक्य जुनं नाही. ते विसाव्या शतकाच्या शेवटी लोकप्रिय झालं. नेमलेले अधिकारी तालुक्यापाशी थांबत, एवढ्यापुरतं ते बरोबर आहे. पण समन्स, करयादी आणि शिपाई गावात पोचत होतेच (प्रश्न ४ आणि ५). गावकरीही कचेरीत जात होते, तेही मोठ्या संख्येने. अर्ज घ्यायचे दिवस महिन्यात ठरलेले असत. चांद्र चौथ्या ते सातव्या महिन्यापर्यंत शेतीच्या हंगामात किरकोळ दिवाणी दावे घेत नसत. ठरावीक चौकटींच्या कागदावर परवानाधारक लेखनिकाकडून अर्ज लिहून आणायचा. मामलेदार त्यावर दोन ओळींचा शेरा मारी, बऱ्याचदा ‘गावातल्या जाणत्यांनी चौकशी करून मिटवावं’ असा. मग तोच शेरा हातात घेऊन गावात तडजोड होई. ही तडजोड गावची की सरकारची? दोन्हींची. म्हणूनच ‘स्वायत्त गाव’ आणि ‘सर्वंकष हुकूमशाही’ ही दोन्ही चित्रं अपुरी पडतात.

१३. ताइपिंग बंडाने काय बदललं?

छिंग राजवटीविरुद्धच्या १८५१ ते १८६४ या बंडात सरकारी फौजा कोलमडल्या. आईच्या सुतकासाठी हुनानमध्ये घरी आलेल्या झेंग ग्वोफान या अधिकाऱ्याला १८५३ च्या सुरुवातीला स्थानिक पथकं उभारायला सांगितलं गेलं. त्याने त्यातून खरीखुरी फौज बांधली. अधिकारी ओळखीतले पदवीधर, आणि प्रत्येकाने आपापल्या भागातून शिपाई निवडायचे. पैसा वाहतुकीच्या मालावरच्या नव्या जकातीतून (१८५३ पासून) आणि देणग्यांतून. जे तालुके देणगी देत, त्यांच्या शेंगयुआनच्या जागा वाढवल्या गेल्या. त्यामुळे बंडानंतर शेनशी सुमारे १४ लाख झाले, आणि विकत पदवी घेतलेल्यांचं प्रमाणही वाढलं. आता जकातनाकी, धान्यकोठारं आणि अनाथालयं चालवणारे ‘व्यवस्थापक’ शेनशी उघडपणे कारभार करू लागले. पूर्वी जे आडून चालायचं, त्याला कचेरी आणि शिक्का मिळाला.

१४. १९०५ मध्ये परीक्षा बंद झाल्यावर हे लोक गेले कुठे?

बरेचसे जागच्या जागी राहिले. १९०९ मध्ये प्रांतिक सभांची निवडणूक झाली. २५ वर्षांवरच्या पुरुषांत ज्यांच्याकडे शेंगयुआन किंवा वरची पदवी, नव्या शाळेचं प्रमाणपत्र, किंवा ५,००० युआनची मालमत्ता असेल अशांना मत होतं. निवडून आले ते बहुतांश जुने पदवीधरच. १९११ मध्ये सिचुआनच्या रेल्वे आंदोलनात आणि प्रांतांच्या स्वातंत्र्यघोषणांत हीच मंडळी पुढे होती. पण नवा पुरवठा थांबला होता. शहरात शिकलेली मुलं गावी परतेनात, आणि शाळा-पोलिसांसाठीचे नवे कर गोळा करायला गावात उरले ते बळाच्या जोरावर वसुली करणारे ठेकेदार.

१५. एखाद्या तालुक्याचा अभ्यास करायचा असेल तर सुरुवात कुठून करावी?

त्या तालुक्याच्या गॅझेटियरपासून. आधी पदवीधरांच्या यादीचं प्रकरण काढा आणि कोणती आडनावं वारंवार येतात ते मोजा. मग पूल, बंधारे आणि शाळा यांच्या दुरुस्तीच्या नोंदींत देणगीदारांची नावं शोधा. दोन्हीकडे तीच आडनावं आली तर तालुक्याचं खरं पुढारपण हाती लागतं. फसगत इथेच होते: गॅझेटियर लिहिणारे आणि खर्च उचलणारे स्वतः शेनशीच असत, त्यामुळे करचुकवेगिरी त्यात सापडत नाही, दानधर्म मात्र पानोपानी सापडतो. त्याला उतारा म्हणजे कचेरीचे मूळ कागद. ते मोजक्याच ठिकाणी टिकून राहिले आहेत, उदाहरणार्थ चोंगछिंगजवळचा बा तालुका, बीजिंगजवळचा बाओडी आणि तैवानातला दानशुई-शिनझू. तिथल्या अर्जांत शिपायांनी मागितलेले जोड्याचे पैसेसुद्धा आकड्यानिशी लिहिलेले दिसतात.